शाळाप्रवेशाची सोडत आणि पालकांचे मन

दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या इंदूर शहरात एका निकालाची मोठ्या उत्सुकतेने वाट पाहिली जाते, आणि तो निकाल कोणत्याही परीक्षेचा नसतो. खाजगी शाळांतील राखीव जागांवर गरीब व वंचित घरांतील मुलांना विनामूल्य प्रवेश देण्यासाठी सरकार जी सोडत काढते, तिचा तो निकाल होय. मोबाईलवर संदेश येतो. कुणाला शाळेचे नाव कळते, कुणाच्या वाट्याला काहीच येत नाही. त्या दिवशी व त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस पालक जे बोलतात, ते शिक्षकाच्या नात्याने आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. त्या बोलण्याचा थोडा अभ्यास या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे वाटले. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांपैकी काही घरे या सोडतीसाठी अर्ज करणारी आहेत. काही घरांतील मुले पूर्ण फी भरून त्याच शाळांत जातात. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींचे किंवा रोजच्या रिक्षावाल्या काकांचे मूल त्या यादीत आहे, अशी घरे तर पुष्कळच निघतील. म्हणून हा विषय परका नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. सोडतीत नाव न आले की आपल्याकडे सर्रास म्हणतात, "नंबर लागला नाही." आता मराठीत हा 'नंबर' दोन ठिकाणांहून येतो. रेशनच्या रांगेतही नंबर लागतो आणि परीक्षेतही पहिला-दुसरा नंबर येतो. बोलणारा पालक बहुधा रांगेतल्या अर्थाने बोलत असतो. ऐकणाऱ्या मुलाच्या कानी मात्र परीक्षेचा अर्थ पडतो, कारण थोरल्या भावंडांच्या तोंडून त्याने 'नंबर' हा शब्द त्याच अर्थाने ऐकलेला असतो. एका आईने तर आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलीला सरळच सांगितले होते की, तू त्या शाळेत पास झाली नाहीस. पुढे ती मुलगी सरकारी शाळेत पहिलीत आल्यावर एक दिवस आपल्या बाईंना म्हणाली, "पण मला कुणी काही विचारलंच नव्हतं." मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिला कुणी काही विचारले नव्हते आणि विचारायचेही नव्हते. कायद्याने तशी मनाईच आहे.

ही मनाई कशी आली ते थोडक्यात सांगणे जरूर आहे. सर्वांना सक्तीचे व मोफत शिक्षण द्यावे ही कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात तिचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ती संस्थानभर लागू केली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात त्याच हेतूने विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरेपर्यंत आणि २००९ साली त्याचा कायदा होईपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतील, आसपास राहणाऱ्या मुलांना द्याव्यात, आणि सरकारने त्या मुलांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत शाळेला भरून द्यावा, असे त्यात कलम आहे.

याच कायद्यात दुसरे एक कलम आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. प्रवेश देताना शाळेने मुलाची अथवा त्याच्या आईबापांची कोणतीही चाळणी लावू नये, असे ते सांगते. चाळणी म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्याने दिली आहे: एका मुलाला डावलून दुसऱ्याला निवडण्याची कोणतीही रीत, फक्त यदृच्छेने केलेली निवड सोडून. म्हणजे मुले जास्त आणि जागा कमी असतील तेव्हा चिठ्ठी टाकणे एवढी एकच रीत निर्दोष मानली आहे. मुलाखत घेतली, मुलाला रंग किंवा आकडे विचारले, बापाला इंग्रजीत बोलते केले, तर पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

असे का केले असावे? चार-पाच वर्षांच्या मुलाची परीक्षा ही मुलाची परीक्षा नसतेच. त्याला किती शब्द येतात हे त्याच्या घरात किती पुस्तके आहेत यावरून ठरते. तो परक्यासमोर बोलतो की आईच्या पदराआड लपतो हे त्या दिवशीच्या झोपेवर आणि भुकेवर ठरते. मुलाखतीने निवड केली तर आधीच पुढे असलेले घर आणखी पुढे जाईल. चिठ्ठीला घर दिसत नाही. पालकांना ती निर्दय वाटते ती याचमुळे, आणि आमच्या मते न्याय्यही ती याचमुळेच आहे.

पण न्याय्य असणे वेगळे आणि न्याय्य वाटणे वेगळे. सोडतीनंतर सर्वांत अधिक ऐकू येणारा उद्गार म्हणजे, "ज्याचा वशिला त्याची चिठ्ठी." ज्याचे नाव निघाले त्यालाही शेजारी विचारतात की कुणाची ओळख लावली. हा संशय केवळ अज्ञानाचा म्हणून झटकून टाकू नये. पूर्वी चिठ्ठ्या डब्यात टाकून, सर्वांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हाताने उचलीत. महाराष्ट्रातील महापालिकांच्या वॉर्ड-आरक्षणाची सोडत आजही पुष्कळदा शाळकरी मुलांच्या हातून काढतात, ती एवढ्याचसाठी की पाहणाऱ्याच्या मनात किंतु राहू नये. शाळाप्रवेशाची सोडत आता संगणकाच्या पोटात होते. ती कदाचित हातापेक्षा अधिक निर्दोष असेल, पण ती दिसत नाही. हातरिक्षा ओढून किंवा चार घरची भांडी घासून पोट भरणाऱ्याला जे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवा असे सांगणे सोपे नाही, विशेषतः दिसणारी कामेही त्याला वशिल्याशिवाय होताना दिसली नसतील तर.

म्हणून यंत्र काय करते हे पालकांना आधी समजावून सांगावे, निकालानंतर नव्हे. मध्य प्रदेशात ही व्यवस्था राज्य शिक्षा केंद्र पाहते. पालक ऑनलाईन अर्जात आसपासच्या शाळांची नावे पसंतीच्या क्रमाने भरतात, कागदपत्रांची पडताळणी होते आणि मग सोडत निघते. आपल्या वॉर्डातील मुलांचा विचार आधी, शेजारच्या वॉर्डांतील मुलांचा नंतर. येथे दोन चुका वारंवार होतात. काही पालक एकाच नामांकित शाळेचे नाव लिहून बाकीच्या जागा कोऱ्या सोडतात. समजा त्या शाळेत राखीव जागा १० आणि अर्ज २००. तर वीस मुलांत एकालाच जागा मिळणार, आणि उरलेल्या एकोणिसांच्या हाती दुसरी शाळाही राहणार नाही. उलट काही जण जितकी नावे भरता येतील तितकी भरतात, आणि तीन बसा बदलाव्या लागतील अशी शाळा मिळाली की पहिल्या पावसाळ्यातच मूल घरी बसते. आपले मूल रोज जाऊ शकेल अशीच शाळा लिहावी, आणि अशा जितक्या असतील तितक्या सगळ्या लिहाव्यात. दुसरी एक तक्रार दरवर्षी येते: "अमुक कॉन्व्हेंटचे नाव यादीत का नाही?" अल्पसंख्याकांनी चालविलेल्या विनाअनुदानित शाळांना सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ च्या निकालाने या बंधनातून वगळले, आणि ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर ठेवल्या. यात कुणी अधिकाऱ्याने नाव दडविलेले नसते.

हे नियम राज्याराज्यांत सारखे नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण आपली माणसे पाहुण्यांच्या सांगण्यावरून अर्ज करतात. बेळगावकडे २०१९ पासून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेतील या जागा मिळत नाहीत. त्यामुळे तेथे ही सोडत जवळजवळ आटली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच नियम केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला. तेव्हा पुण्याच्या मामांचा अनुभव इंदुरात लागू पडेलच असे नाही.

आता नाव न निघालेल्या पालकांच्या मनाकडे वळू. या दुःखात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्याचे नाव प्रतीक्षायादीत तिसरे असते तो, तिसावे असलेल्यापेक्षा अधिक तळमळतो. गाडी अर्ध्या तासाने चुकली तर माणूस बाकावर बसून चहा पितो. डोळ्यांदेखत फलाटावरून निघाली तर दिवसभर स्वतःला बोल लावीत राहतो. तिसऱ्या नंबरचा बाप म्हणतो, अर्ज आदल्या दिवशी भरला असता तर झाले असते. आई म्हणते, पसंतीचा क्रम तुम्हीच चुकवलात. मग नवराबायकोत वाद, आणि मध्ये मूल. वस्तुतः मुदतीत भरलेला अर्ज पहिल्या दिवशीचा असो की शेवटच्या दिवशीचा, सोडतीत दोघांची चिठ्ठी सारखीच. जुळ्या भावंडांत एकाचे नाव निघून दुसऱ्याचे राहते, हेही घडते. दोघांचे घर एक, आईबाप एक, वय एक. निवडीला कारण म्हणून दाखविता येईल असा फरक तेथे कोणता?

आपल्या भाषेत यासाठी 'ईश्वरचिठ्ठी' असा सुंदर शब्द आहे. निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली की ती टाकतात. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत एका वॉर्डात असेच झाले आणि चिठ्ठीने निकाल लागला. हरलेल्या उमेदवाराला एकही मत कमी नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. आम्हा मुसलमानांत हजला जाण्यासाठी अर्ज करतात, तेथेही जागांपेक्षा अर्ज अधिक झाले की हज कमिटी 'कुर्रा' काढते. ज्याचे नाव निघत नाही तो म्हणतो, या वर्षी बुलावा आला नाही. त्याला वाईट वाटते, कधी डोळेही भरतात. पण मोहल्ल्यात कुणी त्याला कमी प्रतीचा मुसलमान समजत नाही, आणि तो स्वतःही तसे समजत नाही. शाळेच्या सोडतीबद्दल आपल्या मनाला हे वळण अजून लागलेले नाही. तेथे आपण चिठ्ठीलाच प्रगतिपुस्तक समजतो.

ज्यांचे नाव निघते त्यांच्या घरी पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्या आनंदात काही हिशेब राहून जातात. हा हक्क प्राथमिक शिक्षणापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी समोर उभी राहते, आणि ती वेळ येते तेव्हा मूल चौदा वर्षांचे, मित्र त्याच शाळेतले, माध्यम इंग्रजी. त्या वयात शाळा बदलणे काय असते ते शिक्षकांना विचारावे. ज्याने पहिलीपासून महिना शे-दोनशे रुपये बाजूला टाकले त्यालाही ती फी जडच जाईल. ज्याने काहीच टाकले नाही त्याची गोष्टच वेगळी. त्याशिवाय बस, सहल, स्नेहसंमेलनाचे कपडे, असे खर्च निघत राहतात. मुलाचे शिक्षण अडेल अशी कोणतीही फी वा आकार त्याच्याकडून घेता येत नाही, असे कायदा म्हणतो. परंतु शाळेच्या खिडकीवर हे म्हणण्याचे धैर्य एकट्या आईला होत नाही. तिच्याबरोबर कुणी जाणते माणूस गेले तर होते. आपल्या ट्रस्टमध्ये निवृत्त शिक्षक आणि वकील मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

फी भरणाऱ्या पालकांचीही एक प्रतिक्रिया असते. ती चारचौघांत बोलून दाखवीत नाहीत, दिवाणखान्यात बोलतात. "तसली मुले वर्गात आली की आमच्यांना वाईट सवयी लागतील." याचे उत्तर उपदेशाने देण्याची गरज नाही, दिल्लीत याचा अभ्यास झालेला आहे. तेथील काही उच्चभ्रू शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा देणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील श्रीमंत मुलांची पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती ती श्रीमंत मुले अधिक उदार झालेली आढळली, आणि धावण्याच्या शर्यतीत जोडीदार निवडताना त्यांनी गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून टाळले नाही. जो चांगला धावतो त्याला घेतले. गणितात व हिंदीत त्यांचे नुकसान झाले नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली, आणि वर्गात अपशब्दांचा वापर थोडा वाढल्याचे शिक्षकांनी सांगितले. हे सर्व समोर ठेवून कुणाला काय मोलाचे वाटते ते त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर अपशब्द आठ दिवसांत सुटतात.

आता मुख्य प्रश्न. चिठ्ठी न निघाल्याने मुलाचे नेमके किती नुकसान होते? सोडतीचा एक गुण असा की ती या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधनही होते. नाव निघालेली आणि न निघालेली मुले मुळात सारखीच असल्यामुळे पुढे त्यांच्यात जो फरक पडेल तो शाळेमुळे पडला, असे म्हणता येते. त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात २००८ पासून १८० गावांत असा मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी तो तपासून २०१५ साली निष्कर्ष मांडले. सोडतीने ज्यांना खाजगी शाळेत जाण्याची सोय मिळाली, ती मुले आणि सरकारी शाळेतच राहिलेली मुले यांच्यात दोन वर्षांनी व चार वर्षांनीही तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतील मुले पुढे होती, कारण बहुतेक सरकारी शाळांत तो विषय तेव्हा शिकवीतच नसत. खाजगी शाळांनी तेवढेच काम पुष्कळ कमी खर्चात केले, हेही त्यांनी नोंदले आहे; सरकारी शाळेच्या अभिमान्यांनी तेही वाचावे. अमेरिकेत शिकागो शहरातील सरकारी हायस्कुलांच्या सोडतींवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही पसंतीची शाळा मिळालेल्यांच्या गुणांत विशेष वाढ दिसली नाही. बेशिस्त व अटकेचे प्रसंग मात्र कमी झाल्याचे त्या मुलांनी सांगितले. उलट बॉस्टन शहरातील काही शाळांच्या सोडतीत नाव निघालेल्यांची प्रगती चांगलीच झाल्याचे २०११ च्या अभ्यासात आढळले. म्हणजे शाळेशाळेत फरक असतो. पण शाळा खाजगी आहे एवढ्यावरून, किंवा तिच्याकडे पालकांची झुंबड उडते एवढ्यावरून, तो कळत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही हे सांगतो तेव्हा काही जण म्हणतात, "सर, हे तुम्ही आमचं मन राखायला बोलता." तसे नाही. खाजगी शाळेची ओढ केवळ गणितासाठी नसते, हे आम्हाला कळते. इंग्रजी कानावर पडावे, गणवेशावर नाव असावे, आपण ज्या फाटकाबाहेर रिक्षा घेऊन उभे राहतो त्या फाटकातून आपले मूल आत जावे, ही इच्छा खोटी नाही आणि क्षुद्रही नाही. तिचे दुःख होणारच. फक्त ते बापाचे दुःख आहे, त्याने ते मुलाच्या दप्तरात भरू नये. मुलाला सांगायचे ते एवढेच, की जागा थोड्या होत्या, चिठ्ठ्या टाकल्या, आपली चिठ्ठी निघाली नाही. खेळात राज्य कुणावर आले हे चिठ्ठीने ठरवितात ते मुलांना ठाऊक असते; त्यांना हे मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजते.

आणि मग करायची कामे उरतात. पहिल्या फेरीत नाव निघूनही काही जण प्रवेश घेत नाहीत, त्या जागा पुढल्या फेरीत येतात. तेव्हा मोबाईलचा क्रमांक बदलू नये आणि संदेश पाहत राहावे. इतक्यात जवळच्या सरकारी शाळेत नाव घालून ठेवावे; जन्माचा दाखला नाही म्हणून तेथे मुलाला परत पाठविता येत नाही. त्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप अथवा पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. शिक्षक वेळेवर येतात का, पैसा कोठे खर्च झाला, पिण्याचे पाणी आहे का, हे विचारण्याचा अधिकार तिला आहे. खजराना, रामबाग, चंदन नगर, कोठेही जा, या समितीच्या सभेला येणारे पालक बोटांवर मोजण्याइतके असतात. सोडतीच्या निकालासाठी रात्री जागणाऱ्यांपैकी दहा जण जरी त्या सभेस बसले, तरी मुख्याध्यापकांना सतरंजी मोठी घालावी लागेल. सभेची तारीख शाळेच्या फळ्यावर लिहिलेली असते. नसेल तर विचारावी.